मंत्र चाललाय एवढं कळतं, कुठला ते कळत नाही

खेळातल्या किल्लेदाराचा दरबार भरला आहे. दोन्ही बाजूंना मिळून सहा पहारेकरी, मागे कारकून, समोर आपली मंडळी. बार्ड (गाणारा जादूगार) खेळणारा म्हणतो, "मी किल्लेदारावर सजेशनचा मंत्र टाकतो. आमच्या माणसाला कोठडीतून सोड, असं सांगतो." डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, विचारतो, "सगळ्यांच्या देखत?" आणि खेळ अर्धा तास थांबतो. कोथरूडमध्ये कुणाच्या हॉलमध्ये टेबल मांडलेलं असो की फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत, डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा, पात्रं वठवायचा खेळ खेळणाऱ्या गटात हा वाद कधी ना कधी होतोच. एका बाजूचं म्हणणं, स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र, टाकणं म्हणजे तलवार उपसणं. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळणार आणि पहारेकरी तुटून पडणार. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पहारेकरी साधा माणूस, त्याने जादूची पोथी कधी उघडलेली नाही, त्याला काय कळणार? बार्ड काहीतरी पुटपुटला, हात हलवला, संपलं. मग नियमपुस्तकं उघडली जातात आणि शेवटी ज्याचा आवाज चढा, त्याच्या बाजूने निकाल लागतो.

हा वाद चुकीच्या जागी भांडला जातो, असं माझं ठाम मत आहे. 'बघ्यांना कळतं की नाही' या एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबलेले आहेत. काहीतरी मंत्र चाललाय हे लक्षात येतं का? कुठला मंत्र, ते ओळखता येतं का? आणि लक्षात आल्यावर माणूस काय करतो? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' आहे, दुसऱ्याचं बहुतेक वेळा 'नाही', आणि तिसऱ्याचं उत्तर नियमपुस्तकात शोधण्यात अर्थ नाही, ते तुमच्या कँपेनच्या, म्हणजे चालू कथेच्या, जगाने द्यायचं असतं. एक बाजू पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिन्ही प्रश्नांना लावते, दुसरी बाजू दुसऱ्याचं. म्हणून अर्धा तास बोलूनही कुणी कुणाला पटत नाही.

शेजारच्या घरी गुरुजी आले की भिंतीपलीकडे कळतं. वाड्यात कळायचं, सोसायटीतही कळतं. तो सूर, मधेच वाजणारी घंटा, धुपाचा वास. ऐकणाऱ्याला संस्कृतचं एक अक्षर येत नसलं तरी शेजारी मंत्र चालले आहेत की कुणी फोनवर बोलतंय, यात त्याची गफलत होत नाही. पण आत रुद्र चाललाय, पुरुषसूक्त चाललंय की सप्तशतीचा पाठ, हे सांगायला तयार कान लागतो. जाणवणं आणि ओळखणं यांतलं हे अंतर आपल्याला घरबसल्या ठाऊक आहे. खेळाच्या टेबलावर बसलं की आपण ते का विसरतो?

आता नियम काय सांगतात ते नीट पाहू. स्पेलचे घटक तीन: उच्चार, हातवारे आणि सामग्री. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकापासून ही त्रयी चालत आली आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत उच्चाराचं वर्णन नेमकं आहे: शक्ती शब्दांमध्ये नसते, ठरावीक पट्टीत, ठरावीक नादाने केलेल्या ध्वनींच्या जुळणीने जादूचे धागे हलतात. हे वाचून मराठी वाचकाला इंद्रशत्रूची गोष्ट आठवायला हवी. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र मागितला, पण 'इन्द्रशत्रु' या शब्दात स्वराघात शेवटच्या अक्षराऐवजी पहिल्यावर पडला. 'इंद्राला मारणारा' याऐवजी 'इंद्र ज्याला मारणार तो' असा अर्थ झाला आणि तो पुत्र, वृत्र, मारला गेला. अक्षर एकही बदललं नव्हतं. पाणिनीय शिक्षेत सदोष मंत्राला यजमानावरच पडणारं वाग्वज्र म्हटलं आहे ते याच दाखल्याने. जिथे स्वर एवढा महत्त्वाचा, तिथे 'मी बोलता बोलता सहज म्हणून टाकतो' हे कसं चालेल?

हातवाऱ्यांचंही तसंच. जोरकस किंवा गुंतागुंतीच्या हालचाली, असं पुस्तक म्हणतं, आणि त्यासाठी किमान एक हात मोकळा लागतो. फ्रेंड्स या छोट्या स्पेलला उच्चार नाही, पण स्पेल टाकताना चेहऱ्याला थोडं प्रसाधन लावावं लागतं. दरबारात उभं राहून हे कुणाच्या नजरेत न येता करून दाखवा!

दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र मान्य करायला हवा. २०१४ च्या पुस्तकात 'बघ्यांना स्पेल टाकणं जाणवतं' असं वाक्य कुठेही नव्हतं. तोंडात बोळा असेल किंवा सायलेन्स या आवाज बंद करणाऱ्या स्पेलच्या वीस फूट त्रिज्येच्या गोलात उभे असाल तर उच्चाराचं स्पेल टाकता येत नाही, इतकंच होतं. कुजबुजलं तर चालतं का, यावर पुस्तक गप्प होतं. त्या काळात ज्या डीएमने कुजबूज चालवून घेतली, त्याने नियम मोडला असं कुणी म्हणू नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये झॅनाथार्स गाइड हे पुरवणी नियमपुस्तक आलं आणि ही पोकळी भरली. स्पेल टाकताना उच्चार, हातवारे, सामग्री यांपैकी एक जरी घटक असेल तर ते जाणवू शकतं. एखाद्या खास क्षमतेमुळे तिन्ही घटकांची गरज उरली नाही तरच ते जाणवत नाही. २०२४ च्या आवृत्तीने पुढचं पाऊल टाकलं: उच्चार नेहमीच्या बोलण्याच्या आवाजातच व्हायला हवा, आणि अनभिज्ञाला ते शब्द निरर्थक वाटतात. या एका वाक्यात दोन्ही बाजूंना उत्तर आहे. आवाज ऐकू येतो, अर्थ लागत नाही.

सजेशनबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'आमच्या माणसाला सोड' हे वाक्यच उच्चाराचा घटक आहे, म्हणून बघ्यांना ते साधं बोलणं वाटेल, असं बार्ड खेळणारे हटकून सांगतात. खेळाच्या रचनाकारांनी अधिकृत खुलाशात हे फेटाळलं आहे. उच्चार वेगळा, तो आधी होतो. सुचवलेलं वाक्य त्यानंतर येतं. म्हणजे दरबारात क्रम असा: बार्डचा हात पोतडीत जातो, कारण २०१४ च्या नियमात सजेशनला सापाची जीभ आणि मधाच्या पोळ्याचा तुकडा किंवा गोड तेलाचा थेंब लागतो; मग न कळणारे शब्द; मग ते गोड वाक्य. सहा पहारेकऱ्यांसमोर.

पण कुजबुजलं तर? खुद्द डीएमच्या पडद्यावर (टेबलावर त्याच्यासमोर उभा असतो तो) छापलेला एक तक्ता इथे कामाचा आहे. आवाज न करण्याचा प्रयत्न केला तर तो दोन सहाबाजूंच्या फाशांची बेरीज गुणिले ५ फूट इतक्या अंतरावर पोचतो, म्हणजे सरासरी ३५ फूट. नेहमीच्या आवाजात गुणिले १०, सरासरी ७० फूट. सजेशनचा पल्ला ३० फूट, मोहिनी घालणाऱ्या चार्म पर्सनचाही ३०. म्हणजे अगदी दबक्या आवाजातलं पुटपुटणंही सरासरीने पल्ल्याच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर पडतं. या आकड्यांकडे पाहिल्यावर 'त्याला ऐकूच आलं नाही' हे गृहीत धरता येत नाही. ते घडवून आणावं लागतं.

आणि ते घडवून आणता येतं, हे पहिल्या बाजूनेही मान्य करावं. जाणवू शकतं म्हणजे जाणवतंच असं नाही. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशाच्या पथकाशेजारी उभं राहून कुणी काहीही म्हटलं तरी हाताच्या अंतरावर ऐकू येत नाही. तशा गर्दीत चार्म पर्सन खुशाल टाका. त्याच्या उच्चाराने काम होण्यासाठी लक्ष्याला तो ऐकू यायची गरज नाही. तो दिसला पाहिजे, एवढंच. हातवारे मात्र उरतात, त्यांच्यासाठी आडोसा लागेल. सजेशनची गोष्ट उलटी आहे, कारण सुचवलेलं वाक्य लक्ष्याला ऐकू यावं आणि समजावं लागतं. ढोलांच्या आवाजात तुमचा उच्चार झाकला गेला तर वाक्यही बुडालं. मायनर इल्यूजन आणि हिप्नॉटिक पॅटर्न या भासाच्या स्पेलांना उच्चारच नाही, तिथे अंधार आणि पाठीमागची जागा कामी येते. मिस्टी स्टेप हे क्षणात दुसरीकडे नेणारं स्पेल नुसत्या उच्चारावर चालतं, हात बांधलेले असले तरी. प्रत्येक स्पेलमागे कुठला घटक, तो कुठल्या इंद्रियाला पोचतो आणि तिथे काय आड येतंय, एवढं पाहिलं की डीएमला निकाल द्यायला अर्धा मिनिट पुरतो. शंका उरलीच तर पहारेकऱ्याचं पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे सहज लक्षात येण्याचा आकडा, १२ धरून खेळाडूला त्याविरुद्ध फासा टाकायला सांगावं, पण आडोसा किंवा गोंगाट खरोखर असेल तेव्हाच. मोकळ्या दरबारात नुसत्या हातचलाखीच्या फाशावर स्पेल लपवू देऊ नये.

का नको, यावर सर्वाधिक भांडण होतं. हातचलाखीचं कौशल्य मग कशासाठी आहे? जादूगार रघुवीर ज्या शहराचे, तिथे हा प्रश्न रास्त आहे. प्रेक्षकांची नजर एका हाताकडे वळवून दुसऱ्या हाताने काम उरकणं ही मोठी विद्या आहे. पण रंगमंचावरच्या जादूगाराला काय म्हणायचं, हात कसे हलवायचे, हे ठरवायची मुभा असते. त्याची सगळी कला त्या मुभेवर उभी आहे. स्पेल टाकणाऱ्याला ती नाही. हालचाल ठरलेली, पट्टी ठरलेली. ती वळवली तर स्पेलच होत नाही. आणि झाकायचा प्रयत्नच कधीकधी ओरडून सांगतो. जप करणारा गोमुखीत हात घालतो तेव्हा माळ दिसत नाही, कितवा मणी ते कळत नाही, पण माणूस जप करतोय हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं. अंगरख्याखाली हात घालून ओठ हलवणारा परका माणूस किल्लेदारासमोर उभा असेल तर पहारेकऱ्याला आणखी काय दिसायला हवं?

आपल्याच परंपरेतून एक जोरदार प्रतिवाद निघतो. जपाचे प्रकार तीन: वाचिक, उपांशु आणि मानस. उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही. मानस म्हणजे मनातल्या मनात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात विधियज्ञापेक्षा जप दहापट, उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट श्रेष्ठ म्हटला आहे. मग खेळातल्या मंत्राला मोठ्याने म्हणायची सक्ती कशाला? मुद्दा वजनदार आहे. पण ती चढती भाजणी काय सांगते तेही बघा. मानस जप वरचा, कारण तो अवघड. तो सहज जमणारा शॉर्टकट नाही. खेळातही ही पायरी आहे आणि तिची किंमत लावलेली आहे. सॉर्सररला, म्हणजे अंगात उपजत जादू असलेल्या पात्राला, २०१४ च्या नियमांत तिसऱ्या पातळीला आठ मेटामॅजिकांपैकी (स्पेल वाकवण्याच्या युक्त्यांपैकी) दोनच निवडता येतात, तिसरं थेट दहाव्या पातळीला मिळतं. त्या दोनांत सटल स्पेल घेतलं, तर प्रत्येक वापराला एक सॉर्सरी पॉइंट मोजून उच्चार आणि हातवारे गाळता येतात. तिसऱ्या पातळीला असे पॉइंट एकूण तीन. ज्याने फायरबॉल दुप्पट लांब फेकायची किंवा एक स्पेल दोघांवर टाकायची संधी सोडून हे घेतलं, त्याच्या शेजारी बसलेल्या बार्डला तेच फुकट देणं हा उघड अन्याय आहे. टेबलावर तो अन्याय रोज होतो आणि सॉर्सरर खेळणारा गप्प बसतो, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही.

आता दुसरा प्रश्न, ओळखण्याचा. इथे मी पूर्णपणे 'साध्या पहारेकऱ्या'च्या बाजूचा आहे, आणि नियमांपेक्षाही थोडा पुढे जातो. झॅनाथार्स गाइडप्रमाणे स्पेल टाकलं जात असताना, दुसऱ्याच्या पाळीतली झटपट कृती म्हणजे रिअ‍ॅक्शन वापरून, किंवा नंतर परिणामावरून आपल्या पाळीत अ‍ॅक्शन वापरून, अर्केना या जादूच्या ज्ञानाच्या कौशल्याचा फासा टाकता येतो. डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ अधिक स्पेलची पातळी. चार्म पर्सनसाठी १६. पहारेकऱ्याची बुद्धी १०, अर्केना नाही, म्हणजे वीसपैकी पाच आकड्यांवर तो ओळखणार: २५ टक्के. एकट्यापुरतं ठीक वाटतं. पण डीएमने सहाही पहारेकऱ्यांसाठी फासे टाकले तर किमान एकाने ओळखण्याची शक्यता ८२ टक्क्यांवर जाते. आयुष्यात जादूची पोथी न पाहिलेल्या सहा जणांच्या घोळक्याला पाचपैकी चार वेळा नेमकं स्पेल कळतं, हे कुणाला पटेल? 'सगळ्यांना सगळं कळतं' हा समज अशाच फाशांतून पक्का होतो. तिसऱ्या आवृत्तीत, २००० साली, हाच १५ अधिक पातळीचा आकडा होता, पण तो स्पेलक्राफ्ट या कौशल्यासाठी, आणि स्पेलक्राफ्ट शिकल्याशिवाय वापरता येत नसे. ती अट परत आणा. अर्केनात प्रावीण्य असलेल्यालाच ओळखण्याचा फासा. बाकीच्यांना 'काहीतरी चाललंय' एवढंच कळू द्या.

'सगळं उघड झालं तर चार्म पर्सन, सजेशन यांना अर्थ काय उरला?' हा आक्षेप भावनेच्या भरात येतो, तरी त्यात तथ्य आहे. भर सभेत ही स्पेलं धोक्याची होतात, हे खरं. पण ती सभेसाठी आहेत असं कुणी सांगितलं? किल्लेदाराला एकट्याला गाठा, बागेत, स्नानाच्या वेळी. सजेशन आठ तास टिकू शकतं, चार्म पर्सन तासभर. सकाळी बागेत टाकलेलं दुपारच्या दरबारात फळतं. मनातलं वाचणारं डिटेक्ट थॉट्स मिनिटभराचंच, पण ते दाराबाहेर टाकून आत शिरता येतं. शिवाय चार्म पर्सन संपल्यावर लक्ष्याला आपल्यावर मोहिनी घातल्याचं कळतंच, कुणी घातली तेही. तिथे टाकण्याचा क्षण लपवून तासाभराचीच उसंत मिळते. बेत आखणं हाच तर या खेळाचा गाभा आहे. जिथे बेत लागत नाही, तिथे फाशाशिवाय उरतं काय?

आणखी एका बाजूने बघा. समजा, स्पेल टाकणं कुणालाच जाणवत नाही. अशा जगात काय होईल? १६९२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये न्यायालयाने एक पुरावा ग्राह्य धरला: आरोपी तिथे नव्हता, पण त्याची छायाकृती येऊन मला छळते, असं पीडिताने सांगणं. अदृश्य कृत्याचा असा पुरावा खोडणार कसा? एकोणीस जण फासावर गेले. पुढच्या वर्षी नव्या न्यायालयाने तो पुरावा बाजूला ठेवला आणि बहुतेक आरोपी सुटले. जादू खरी असूनही तिची खूण दिसत नाही, असं जग तुम्ही मांडलंत तर किल्लेदाराच्या प्रत्येक विचित्र निर्णयाचं खापर दरबारातल्या कुठल्याही परक्यावर फुटेल, आणि परके म्हणजे नेहमी आपले खेळाडूच. स्पेल जाणवतं म्हणूनच साक्षीदार म्हणू शकतो, "मी बघत होतो, त्याचे हात हलले नाहीत, तोंड उघडलं नाही." हा नियम पहारेकऱ्याइतकाच खेळाडूलाही वाचवतो. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाने आणखी कडक भूमिका घेतली: तिथे घटक असोत-नसोत, स्पेलची दिसणारी चिन्हं असतात, आणि ती लपवायला वेगळी क्षमता घ्यावी लागते. मला ते थोडं जास्त वाटतं, पण त्यामागची काळजी हीच आहे.

लढाईत या दोन प्रश्नांची गल्लत सगळ्यात महाग पडते. दुसऱ्याचं स्पेल मधेच रोखणाऱ्या काउंटरस्पेलसाठी साठ फुटांतला कुणी स्पेल टाकताना दिसावा लागतो; २०२४ मध्ये तर त्या स्पेलला घटक असले पाहिजेत हेही लिहून टाकलं. ओळखणं त्यात नाही. तरीही डीएम सवयीने म्हणतो, "तो फायरबॉल टाकतोय," आणि विझर्ड (पोथी शिकलेला जादूगार) फुकटात ठरवतो की तिसऱ्या पातळीचा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) खर्चायचा की नाही. खरं तर ओळखायलाही रिअ‍ॅक्शन लागते आणि काउंटरस्पेललाही, एकटा माणूस दोन्ही करू शकत नाही. पाचव्या पातळीचा, अर्केना +७ असलेला विझर्ड फायरबॉलच्या डीसी १८ ला निम्म्या वेळा पोचतो; स्पेल त्याच्याच वर्गाचं म्हणून टाकलेलं असेल तर अ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा) मिळून ७५ टक्के. पण मग थांबवायला दुसरा सोबती हवा. डीएमने चिठ्ठीवर स्पेलचं नाव लिहून ती पालथी ठेवावी, "हात वर गेले, मंत्र सुरू झाला" म्हणावं आणि मनात पाच आकडे मोजावेत. कुणी काही बोललं नाही तर चिठ्ठी उलटावी. चिठ्ठी नसेल तर खेळाडूंना डीएम मागाहून स्पेल बदलतोय अशी शंका येते, आणि तो वाद या वादापेक्षा वाईट.

आणि तिसरा प्रश्न: कळल्यावर माणूस काय करतो? देवळाच्या पायरीवर पुजाऱ्याने गायडन्स हे आशीर्वादाचं छोटं स्पेल म्हटलं तर कुणी मान वळवणार नाही. किल्लेदारासमोर परक्याने हात वर केला तर भाले पुढे येतील. ज्या जगात पिढ्यान्‌पिढ्या स्पेलं टाकली जातात, तिथल्या दरबाराने यावर उपाय शोधलेले असणार: तलवारीबरोबर पोतडी आणि काठी दारात ठेवा, हात दिसतील असे ठेवा, विचारल्याशिवाय बोलू नका. २०१४ चे नियम घेऊन हा दरवाजा तपासून पाहा. सटल स्पेल घेतलेला सॉर्सररही सजेशन घेऊन आत जाऊ शकत नाही, कारण सटल स्पेल उच्चार आणि हातवारे गाळतं, सामग्री नाही. सापाची जीभ दारातल्या पोतडीत राहिली. चार्म पर्सन मात्र त्याच्याबरोबर आत जातं, त्याला सामग्री नाही. ड्रो, म्हणजे पाताळातल्या एल्फांचा, सरदार आला तर त्याच्या जन्मजात स्पेलांना सामग्री लागत नाही, पण उच्चार आणि हातवारे लागतात, तेव्हा त्याच्या हातांवर नजर ठेवून भागतं. माइंड फ्लेअर या मनावर ताबा मिळवणाऱ्या राक्षसाला तिन्हींपैकी काहीच लागत नाही. पोतडी दारात ठेवून, हात समोर धरून, एक शब्द न बोलता तो आत येतो, आणि त्या दिवशी दरबारात कुणालाच काही कळत नाही.